प्रतिभा आणि पारख : व्यक्तीच्या व समूहाच्या सर्जनशीलतेचा अभ्यास

सर्जनशीलता म्हणजे काय, या प्रश्नाचे आज अभ्यासकांना बहुतांशी मान्य असलेले उत्तर दोन अटींचे आहे : निर्माण झालेली गोष्ट नवी असली पाहिजे, आणि ज्या कामासाठी वा ज्या संदर्भात ती निर्माण झाली त्याला ती साजेशी असली पाहिजे. पहिल्या अटीला नावीन्य आणि दुसरीला, क्षेमेंद्राचा काव्यविचारातला शब्द थोडा सैल करून, औचित्य म्हणता येईल. व्याख्या सरळ दिसते, पण तिच्या पोटात एक तिसरा घटक दडलेला आहे. कारण एखादी गोष्ट खरोखर नवी आहे की जुन्याचीच उजळणी आहे, साजेशी आहे की नुसती विक्षिप्त आहे, हे ठरवणारा कोणीतरी असावा लागतो आणि हा ‘कोणीतरी’ बहुधा एकटा नसतो. हस्तलिखित परत पाठवणारा संपादक, तालमीला भिंतीशी बसून पाहणारे सहकारी, समेवर मान न हलवणारा जाणकार श्रोता आणि मूर्तीचा चेहरा ‘अजून उतरला नाही’ असे सांगणारा मंडळाचा कार्यकर्ता हे सगळे त्या तिसऱ्या घटकाचे चेहरे आहेत. सर्जनशीलतेच्या आधुनिक संशोधनाने हा घटक आधी दृष्टीआड केला आणि मग हळूहळू, बरीच वळणे घेऊन, पुन्हा शोधून काढला, अशी या ग्रंथाची धारणा आहे. आणि ती तपासण्यासाठी त्याने गिरगाव, दादर, परळ व लालबाग हा मुंबईचा चारपाच मैलांचा पट्टा निवडला आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवात विसाव्या शतकातील मानसशास्त्रापासून केली तर एक मोठा वारसा त्याच्या हातून निसटेल. संस्कृत काव्यशास्त्राने काव्य कशातून निर्माण होते, या प्रश्नाला ‘काव्यहेतू’ असे नाव देऊन त्याची शतकानुशतके चर्चा केली. दंडीने जन्मजात प्रतिभेच्या जोडीला अध्ययन आणि सातत्याचा अभ्यास यांना स्थान दिले. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन अंगे सांगितली, पण ती तीन वेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण आहे, असे बजावले. आजच्या संशोधनाला ज्या ठिकाणी पोहोचायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले ते हे ठिकाण आहे. तथापि या ग्रंथाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो राजशेखर. दहाव्या शतकाच्या आसपासच्या त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार आहेत : निर्माण करणाऱ्याची ती कारयित्री आणि निर्माण झालेल्याचे मर्म ओळखणाऱ्याची ती भावयित्री. पारख करणे ही प्रतिभेच्या खालची, हिशेबनीसाची क्रिया नसून प्रतिभेचाच दुसरा प्रकार आहे, हे यात गृहीत आहे. त्याच ग्रंथात कवीच्या दिवसाचे चार प्रहर वाटून दिलेले आहेत, आणि त्यात अध्ययन, रचना व गोष्ठी यांच्यानंतर चौथा प्रहर सकाळी रचलेल्या काव्याच्या परीक्षेसाठी राखलेला आहे; ही परीक्षा कवीने एकट्याने करावी किंवा मोजक्या माणसांच्या बैठकीत. एकांत कोणत्या वेळी आणि सोबत कोणत्या वेळी, असा प्रश्न राजशेखराने दिनचर्येच्या भाषेत विचारला होता, आणि प्रस्तुत ग्रंथाचाही मुख्य प्रश्न हाच आहे.

युरोपातील आधुनिक अभ्यासाचा आरंभ मात्र व्यक्तीपासून, किंबहुना घराण्यापासून झाला. फ्रान्सिस गाल्टनने १८६९ मध्ये असामान्य बुद्धिमत्ता वंशपरंपरेने येते, असा सिद्धांत मांडला आणि तो मांडताना संधी, शिक्षण व ओळखीपाळखी यांचा वाटा जवळजवळ पुसून टाकला. १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलसने निर्मितीच्या चार अवस्था सांगितल्या : पूर्वतयारी, मनाच्या तळाशी विषय मुरत राहण्याची अवस्था, अचानक सुचणे आणि सुचलेल्याची पडताळणी. ही चौकट अजूनही पाठ्यपुस्तकांतून टिकून आहे, आणि तिच्यातली शेवटची अवस्था सर्वांत कमी अभ्यासली गेली, हेही तितकेच खरे. प्रयोगशाळेतील संशोधनाला खरी गती मिळाली ती जे. पी. गिलफर्ड यांच्या १९५० मधील अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढील अध्यक्षीय भाषणाने. मानसशास्त्राच्या सूचीतील सुमारे १,२१,००० नोंदींपैकी जेमतेम १८६ नोंदी सर्जनशीलतेशी संबंधित आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. गिलफर्ड यांनी अपसारी विचार आणि अभिसारी विचार असा भेद केला. एकाच प्रश्नातून अनेक दिशांना फुटणारा विचार तो अपसारी आणि अनेक शक्यतांमधून एका उत्तराकडे येणारा तो अभिसारी. विटेचे जितके उपयोग सुचतील तितके लिहा, अशा स्वरूपाच्या चाचण्या या भेदातून निघाल्या, आणि १९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांनी शाळकरी मुलांसाठी तयार केलेल्या चाचण्यांनी हा प्रकार जगभर पोहोचवला. या चाचण्यांनी उपयुक्त काम केले. पण त्यांनी सर्जनशीलता आणि सुचण्याचा भरपूरपणा यांचे समीकरण लोकांच्या मनात पक्के केले, आणि ते समीकरण सोडवायला पुढच्या पिढ्यांना फार श्रम पडले.

समूहाचा विचार याच काळात, पण वेगळ्या दाराने आत आला. जाहिरात व्यवसायातील अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी १९५३ मधील आपल्या पुस्तकातून विचारमंथनाची पद्धत लोकप्रिय केली. कोणी कोणाच्या कल्पनेवर टीका करू नये, विचित्र कल्पनांचेही स्वागत व्हावे, संख्या वाढवावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्यावी, हे तिचे नियम होते. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी हा दावा तपासला. चौघे एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यांच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चौघांनी वेगवेगळे बसून काढलेल्या याद्या एकत्र केल्यावर मिळतात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष पुढे वारंवार दुजोरा मिळवत गेला. १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचे मुख्य कारण दाखवले : एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबण्यात सुचलेले विरून जाते किंवा पुढचे सुचतच नाही. लोक काय म्हणतील ही भीती आणि दुसऱ्यावर भार टाकण्याची वृत्ती यांचाही वाटा असतो. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे हाच मोठा अडथळा ठरला. समूह म्हणजे कल्पनांची टांकसाळ, ही समजूत अजून कार्यालयांतून आणि कार्यशाळांतून सुखाने नांदते आहे. संशोधनाने तिला आधार दिलेला नाही, हे नव्या वाचकाने आरंभीच लक्षात ठेवलेले बरे.

मग समूह नेमके काय करतो? या प्रश्नाची उत्तरे १९८० नंतर मिळू लागली आणि ती एका शास्त्रातून आली नाहीत. तेरेसा अमाबिले यांनी आंतरिक प्रेरणेचा, म्हणजे कामाच्या ओढीने काम करण्याचा, निर्मितीशी असलेला संबंध प्रयोगांनी दाखवला, आणि मोजमापासाठीही वेगळा मार्ग धरला : त्या त्या क्षेत्रातील जाणकारांनी एकमेकांशी न बोलता केलेल्या मूल्यमापनात एकवाक्यता असेल तर तेच माप मानायचे. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ मध्ये ‘कलाविश्व’ ही संकल्पना मांडून चित्रामागे रंग बनवणारा, चौकट करणारा, दालन चालवणारा आणि पाहायला येणारा अशी सगळी साखळी उभी असते, हे दाखवले. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९८८ पासून मांडलेल्या व्यवस्थावादी विचारात सर्जनशीलता माणसाच्या डोक्यात नसून तीन घटकांच्या मध्ये असते : व्यक्ती, ज्या परंपरेत ती काम करते ती ज्ञानपरंपरा, आणि त्या परंपरेत कोणती नवी गोष्ट शिरू द्यायची हे ठरवणारा जाणकारांचा समाज. राजशेखराचा भावक, म्हणजे मर्म ओळखणारा, येथे नव्या वेशात परत आलेला दिसतो. चिक्सेंटमिहाय यांचेच विद्यार्थी कीथ सॉयर यांनी शिकागोतील आयत्या वेळी रचल्या जाणाऱ्या नाट्यप्रयोगांचा अभ्यास करून समूहाची निर्मिती बोलण्याच्या देवघेवीत, वाक्यावाक्याने, कशी घडते ते नोंदवले. मायकेल फॅरेल यांनी २००१ मध्ये मित्रमंडळांच्या रूपाने जगणाऱ्या कलावंतांच्या गटांचा जन्म, बंड, ऐन बहर आणि फुटणे असा जीवनक्रम रेखाटला. आणि ब्रायन उझी व जॅरेट स्पायरो यांनी १९४५ ते १९८९ या काळातील ब्रॉडवेच्या संगीतिकांचे जाळे तपासून, एकमेकांना अजिबात न ओळखणारे आणि नेहमी त्याच त्याच माणसांसोबत काम करणारे असे दोन्ही प्रकारचे संच मागे पडतात, तर जुन्या ओळखी आणि नवे चेहरे यांची सरमिसळ असलेले पुढे जातात, असे दाखवले.

या सगळ्या शाखा एकत्र ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. सुचण्यात समूह फारसा तरबेज नसतो. निवडण्यात, नाकारण्यात, दुरुस्त करण्यात आणि फसलेल्या प्रयत्नानंतर पुन्हा जागा देण्यात तो व्यक्तीपेक्षा कितीतरी बलवान असू शकतो. ‘असू शकतो’ असे म्हणण्याचे कारण हे की हीच शक्ती गळचेपीचीही असते. प्रस्तुत ग्रंथ या शक्तीला ‘पारख’ म्हणतो आणि ती कोठे राहते, कोणाच्या हातात असते, कोणाला बाहेर ठेवते आणि बाहेर राहिलेले काय करतात, याचा माग मुंबईच्या मराठी वस्त्यांतून घेतो.

या वस्त्या उदाहरण म्हणून निवडण्यामागे स्थानिक अभिमानापेक्षा अधिक काही आहे. चाळीतल्या एका खोलीत आठदहा माणसे राहत असताना एकांत ही दुर्मीळ वस्तू होती आणि सोबत फुकट मिळत होती. त्यामुळे एकांत आणि सोबत यांची वाटणी येथे जाणूनबुजून करावी लागे. शाळेचे सभागृह संध्याकाळी तालमीला, छापखान्याची माडी साहित्यिकांच्या बैठकीला, गावकऱ्यांच्या मंडळाची खोली भजनाला आणि गल्लीचे तोंड मंडपाला, अशा उसन्या जागांवर या भागाचे सांस्कृतिक जीवन उभे राहिले. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, परळचे १९२२ मधील दामोदर नाट्यगृह आणि गिरगावात १९३५ मध्ये स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ ही त्याची केवळ ठळक नावे आहेत.

एकट्या द्रष्ट्याचे म्हणून जे उदाहरण नेहमी दिले जाते ते दादासाहेब फाळके यांचे. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना सुचले, ते लंडनला जाऊन तंत्र शिकले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, हा वृत्तान्त मराठी वाचकाला परिचित आहे. वॉलसच्या चार अवस्था त्यात सहज ओळखता येतात. तथापि दादरच्या घरात फिल्मला भोके पाडणाऱ्या, रसायने मिसळणाऱ्या आणि सगळ्या चमूचा स्वयंपाक पाहणाऱ्या सरस्वतीबाई फाळके, तारामतीचे काम करणारे खानावळीतले अण्णा साळुंखे आणि रोप कसे वाढते ते कॅमेऱ्याने टिपलेला ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट पाहून भांडवल देणारा धनको यांना वगळले तर त्या वृत्तान्तात फक्त सुचण्याचा क्षण उरतो. बेकर यांचे कलाविश्व दादरच्या त्या घरात होते. सरस्वतीबाईंचे नाव त्या विश्वाच्या नकाशावर उशिरा आले, ही गोष्ट संशोधनाच्या इतिहासाशीच समांतर आहे.

पारखीच्या कामाचे सर्वांत समृद्ध उदाहरण मात्र गिरगावातल्या खटाववाडीत आहे. ‘मौज’ प्रकाशनाच्या कार्यालयातून निघणारे ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडले, आणि त्याआधीच्या काही दशकांत मराठी नवकथेचा व नवकवितेचा मोठा भाग त्याच्या पानांवरून आला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाची कीर्ती त्यांनी काय छापले एवढ्यावर उभी नव्हती. त्यांनी लेखकांना काय लिहिले यावरही ती उभी होती. आलेली कथा वाचून, ती कोठे सैल पडते, पात्र कोठे लेखकाच्या हातून निसटते, शेवट कसा लादलेला वाटतो, हे सविस्तर पत्राने कळवायचे, पुनर्लेखन मागवायचे आणि पुन्हा वाचायचे, ही तिथली रीत होती. लेखक घरी एकटा लिहीत असे आणि ते लिहिलेले खटाववाडीत भावयित्री प्रतिभेपुढे येत असे. राजशेखराचे प्रहर टपालाने जोडले गेले होते, असेच म्हणावे लागेल. अशा नकारातला आदर आजच्या वाचकाला समजावून सांगावा लागतो. परत आलेल्या हस्तलिखितासोबत चार पानांचे पत्र येणे म्हणजे कोणीतरी ते हस्तलिखित त्याच्या लेखकाइतक्याच गांभीर्याने घेतले होते.

परंतु प्रत्येक पारखीचा एक कस असतो आणि त्या कसाला न उतरणारे सगळेच हिणकस नसते. अशोक शहाणे, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब यांच्या पिढीला ‘सत्यकथे’ची अभिरुची एका वर्गाची, एका भाषेची आणि एका संयमाची अभिरुची वाटली. १९५० च्या दशकातील ‘शब्द’, १९६३ मधील ‘असो’ आणि त्यानंतरची ‘येरू’, ‘फक्त’, ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिके ही या अस्वस्थतेची फळे होती; खटाववाडीत ‘सत्यकथे’चा अंक जाळला गेला तो याच संघर्षात. लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा इतिहास बंडखोरी म्हणून पुष्कळदा सांगितला गेला आहे. प्रस्तुत ग्रंथाला त्यात दुसरीही गोष्ट दिसते : या तरुणांनी पारख नाकारली नाही, त्यांनी दुसरी पारख उभी केली, आणि ती स्वस्त व्हावी म्हणून हाताशी येईल त्या साधनाने छापली. ते एकमेकांचे पहिले वाचक होते आणि एकमेकांना बोचरे बोलत होते. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहातली भाषा खटाववाडीच्या चाळणीतून खाली आली नसती; ती ओळखणारे कान याच वातावरणात तयार झाले होते. फॅरेल यांच्या सिद्धांतात गटाचे बंड हे एका अधिकाराविरुद्ध असते आणि गटाची खरी निर्मिती पुढे जोडीजोडीने होणाऱ्या बोलण्यात होते. मराठी उदाहरण त्याला पुष्टी देते, मात्र त्यात जात आणि वस्ती यांची जी भर घालते ती त्या सिद्धांतात नाही.

चित्रकलेत हाच क्रम अधिक आटोपशीर दिसतो. डिसेंबर १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप काढला. १९४९ मध्ये सूझा लंडनला व १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि पुढच्या काही वर्षांत गट विरला. सहाही जणांचे काम एकमेकांसारखे नव्हते, आणि गटाचा उपयोग नेमका त्यातच होता.

नाट्यक्षेत्रात पारखीची जागा तालमीच्या खोलीत असते. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘रंगायन’ ही संस्था, तिच्या फुटीच्या काळात १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी स्थापन केलेले ‘आविष्कार’, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने सुरू केलेले प्रयोग हा एक सलग इतिहास आहे. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या, हा तपशील किरकोळ नाही. प्रायोगिक रंगभूमीला जागा मिळाली ती ओळखीतून, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात. सत्यदेव दुबे यांच्यापासून अमोल पालेकर यांच्या ‘अनिकेत’पर्यंत अनेकांनी त्या सभागृहाचा उपयोग केला. तिथे नाटक पडले तर पडले. भाड्याचा डोंगर नव्हता, आणि समोर बसलेला प्रेक्षक पुढच्या प्रयोगालाही येणार होता. संघटनाशास्त्रात एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणून जी संकल्पना मांडली, म्हणजे चूक झाली तरी गटात आपली किंमत उतरणार नाही हा विश्वास, तिला छबिलदासमध्ये भाड्याचा दर, शाळेचे बाक आणि ठरावीक प्रेक्षक अशी मूर्त रूपे होती. त्याआधी, १९६७ मध्ये, ‘रंगायन’ने रंगमंचावर आणलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात एक हौशी नाट्यसंच खेळाखेळात आपल्यातल्याच एका बाईवर खटला भरतो आणि खेळ शिकारीत बदलतो. समूहाच्या पारखीचे दुसरे तोंड इतक्या निष्ठुरपणे क्वचितच दाखवले गेले असेल, आणि ते ज्यांनी दाखवले ते स्वतः एक समूह होते, ही बाब अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

परळ-लालबागच्या गिरणगावात पाऊल टाकताच संशोधनाच्या परिभाषेची कसोटी लागते. तळकोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी आपल्याबरोबर दशावतार आणला. या प्रकारात संहिता लिहिलेली नसते. प्रयोगाआधी आख्यान ठरते, कोणी कोणते पात्र घ्यायचे ते ठरते आणि रंगमंचावर संवाद आयत्या वेळी उभे राहतात. समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलायचा, त्याला पुराणाचा आधार द्यायचा, चालू घडामोडीची कोपरखळी मारायची आणि आख्यान वाटेवर ठेवायचे, हे कौशल्य सॉयर यांनी शिकागोत नोंदवलेल्या कौशल्याशी अतिशय जवळचे आहे. फरक असा की शिकागोचा नट गोष्टही त्या क्षणी शोधतो, तर दशावतारी नटाला गोष्ट ठाऊक असते आणि प्रेक्षकालाही. म्हणून सर्व नावीन्य ‘कसे’ मध्ये एकवटते. तमाशातील वगालाही हेच लागू आहे, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने तीच जुनी घडण, झिलकऱ्यांच्या साथीसह, कामगारांच्या प्रश्नांकडे वळवली. ज्ञात चौकटीतली ही सर्जनशीलता पाश्चात्त्य चाचण्यांच्या मापात कमी भरते, कारण त्या चाचण्या चौकट मोडण्याला गुण देतात. येथे माप बदलावे लागेल, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

लालबाग-परळच्या गणेशमूर्ती हे त्याच प्रश्नाचे दृश्य रूप आहे. गणेशगल्लीचे मंडळ १९२८ चे, लालबागच्या बाजारातले, कोळी व विक्रेत्यांच्या नवसातून उभे राहिलेले मंडळ १९३४ चे. मूर्तीची मागणी मंडळाची, आराखडा मूर्तिकाराचा, माती, साचे आणि रंगाचे काम कारखान्यातल्या अनेक हातांचे आणि डोळ्यांची आखणी बहुधा मुख्य कारागिराची, अशी ही कामाची वाटणी असते. लालबागमध्ये कांबळी घराण्याने एकच चेहरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, तर गणेशगल्लीने देशभरच्या मंदिरांच्या प्रतिकृतींनी दर वर्षी नवे दृश्य उभे करण्याचा मार्ग धरला. एकाच भागात, हाकेच्या अंतरावर, एका मंडळाने सातत्यावर आणि दुसऱ्याने बदलावर आपली ओळख बांधली, आणि दोन्हींना लाखोंचा लोकाश्रय मिळाला. नावीन्य आणि औचित्य यांचे प्रमाण समाज कसे ठरवतो याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

हा विषय आज निकडीचा होण्याची कारणे दोन आहेत, आणि ती एकमेकांना छेदतात. पहिले जागेचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले, आणि आता बीडीडी चाळींसह जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास होत आहे. रहिवाशांना चांगली घरे मिळणे हा त्यांचा न्याय्य हक्क आहे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो सामायिक गॅलरी, पटांगण, मंडळाची खोली आणि उशिरापर्यंत उघडी राहणारी शाळा यांच्या जागी काय येते याचा. नव्या इमारतीत खोल्या मोठ्या होतात आणि ज्या उसन्या जागांत पारख राहत होती त्या आराखड्यात कोठेच दाखवलेल्या नसतात. दुसरे कारण यंत्राचे. मजकूर, चित्र आणि चाली क्षणात तयार करून देणाऱ्या संगणकीय प्रणालींमुळे विकल्पांची संख्या जवळजवळ फुकट झाली आहे. सर्जनशीलता म्हणजे आंधळी विविधता आणि त्यानंतरची निवड, असे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडले होते. त्यांच्या सूत्रातला पहिला अर्धा आता यंत्राकडून मिळतो, आणि दुसरा अर्धा, म्हणजे शेकडो विकल्पांतून कोणता ठेवायचा हे जाणणारा डोळा, पूर्वीपेक्षा महाग झाला आहे. तो डोळा तयार करणाऱ्या जागा नाहीशा होत असतानाच त्याची गरज वाढावी, हा या काळाचा पेच आहे. शाळांमधून सर्जनशीलतेच्या नावाखाली अजूनही मुख्यतः भरपूर सुचण्याचाच सराव दिला जातो, हे या पार्श्वभूमीवर विशेष खटकते.

मराठीत या विषयाची तात्त्विक बाजू दुबळी नाही. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) आणि रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) यांनी कलाकृतीचे स्वरूप आणि सौंदर्यविधानाचे स्वरूप यांचा जो कसून शोध घेतला त्याला भारतीय भाषांत फार थोडे जोड आहेत. पण तालमीची खोली, संपादकाचे टेबल आणि मूर्तीचा कारखाना हे आठवणींच्या पुस्तकांत राहिले, शास्त्रात आले नाहीत. आणि मानसशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके गिलफर्ड आणि टॉरन्स यांच्यापाशी थांबली. या दोन कप्प्यांमधली भिंत पाडणे हा प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे. त्यासाठी त्याने प्रयोगांचे निष्कर्ष आणि मुंबईतील गटांचे इतिहास शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि ते जिथे जुळत नाहीत तिथे जुळवण्याचा अट्टहास केलेला नाही. चार विद्यार्थ्यांच्या वीस मिनिटांच्या प्रयोगावरून वीस वर्षे एकत्र राहिलेल्या संस्थेविषयी बोलता येत नाही. उलट एका यशस्वी संस्थेच्या इतिहासावरून नियमही काढता येत नाही, कारण त्याच वाटेने जाऊन बुडालेल्या संस्थांची नोंद कोणी ठेवलेली नसते. दोन्ही प्रकारच्या पुराव्यांची ही मर्यादा जागोजागी स्पष्ट केली आहे. पारिभाषिक शब्द शक्यतो मराठी वापरले असून जिथे कामकऱ्यांचा स्वतःचा शब्द उपलब्ध आहे, तालीम, आखणी, झील, आरास, तिथे तोच पुढे ठेवला आहे, कारण बहुतेक वेळा त्या शब्दात प्रक्रियेचा एक बारकावा असतो जो भाषांतरित संज्ञेत उरत नाही.

ग्रंथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. संपादक, दिग्दर्शक आणि चित्रकार यांच्याविषयी लिहिताना छापील साधने भरपूर मिळतात. बेंजो पार्टीतला वादक, भजनी मंडळातला चाल बांधणारा, नेपथ्याचे पडदे रंगवणारा आणि कारखान्यात मूर्तीला शेवटचा हात देणारा यांच्याविषयी ती जवळजवळ नाहीत, आणि बायकांच्या गटांविषयी, त्यांच्या मंगळागौरीच्या खेळांपासून गिरणगावातल्या खानावळींपर्यंत, त्याहून कमी आहेत. या पुराव्याची जागा बहुधा कागदात आहे : मंडळांच्या वार्षिक अहवालांत, पावतीपुस्तकांच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या बैठकींच्या टिपणांत, तालमीच्या संहितांच्या समासात, दुरुस्त केलेल्या हस्तलिखितांत आणि भजनाच्या हाताने उतरवलेल्या वह्यांत. हे कागद आज चाळींच्या माळ्यांवर आणि मंडळांच्या लोखंडी कपाटांत आहेत, आणि खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस लागली की सर्वांत आधी रद्दीत जातात. म्हणून शेवटच्या भागात, संशोधनाच्या निष्कर्षांऐवजी, अशा कागदांची ओळख कशी पटवावी, त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत, कोणत्या वहीवर कोणाचे अक्षर आहे हे ते ओळखणारी माणसे हयात असतानाच कसे लिहून घ्यावे, याची तपशीलवार माहिती दिली आहे, आणि ती कोणत्याही मंडळाच्या चिटणीसाला विशेष शिक्षणाशिवाय वापरता येईल अशा भाषेत ठेवली आहे.